एकटीला अख्खी मांडी

दुबईला गेले तेव्हा मी चौतिशीची होते. लग्न झालेलं नव्हतं. एका खासगी क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियनची नोकरी मिळाली होती. क्लिनिक शहरात, पण स्टाफची राहायची सोय अल कुसैसला होती, शारजाच्या हद्दीला लागून. हॉल, बेडरूम, किचन असा फ्लॅट आम्हा तिघींना मिळून दिला होता. बाकीच्या दोघी केरळच्या नर्स. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एकीचं लग्न ठरलं, ती गेली. पाठोपाठ दुसरीला कुवेतला काम लागलं, तीही गेली. क्लिनिक नव्या मुली आणणार होतं, पण व्हिसा अडकले होते. तिघींच्या फ्लॅटमध्ये मी एकटी उरले. मोठा फ्रिज, मोठी पातेली आणि तीन खाटा.

कुवेतला गेलेली नर्स माझ्याहून वयाने लहान, पण दुबईत खूप वर्षं काढलेली. जाताना तिने मला बजावलं की तू एकटी आहेस हे कुणालाही कळू देऊ नकोस. नातूरला नाही, दुकानदाराला नाही, लिफ्टमध्ये हसून बोलणाऱ्या बाईलाही नाही. नातूर म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, तिकडे सगळे त्याला तसंच म्हणतात. तिने बाजारातून पुरुषाच्या मापाच्या चामडी चपला आणल्या आणि दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवल्या. "या कधी उचलायच्या नाहीत," ती म्हणाली. मी त्यांत अधूनमधून पाय घालून दोन पावलं चालायची, म्हणजे चपला थोड्या सरकलेल्या दिसतील. पुढे त्यांवर धूळही बसू लागली, ती पुसायची आठवण मला ठेवावी लागे.

मी कोल्हापूरची. घरात बारा-पंधरा माणसांचा स्वयंपाक बघत वाढलेली. मला थोडं शिजवता येत नाही, हे माझं खरं दुखणं. वरण-भाताचं कसंबसं जमायचं, पण पाव किलो मटण पातेल्यात टाकलं की ते मला आजारी माणसाच्या जेवणासारखं दिसायचं. आणि त्याला चवही लागत नसे. मटणाच्या तुकड्यांना एकमेकांची संगत लागते असं आई म्हणायची, ते मला तिथे पटलं.

मागच्या गल्लीत पेशावरच्या एका पठाणाचं मटणाचं दुकान होतं. गुरुवारी संध्याकाळी मी तिथे जाई, कारण शुक्रवारी सुट्टी. त्या वेळी दुकानात मोठमोठ्या कुटुंबांची गर्दी असायची. पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा मी अर्धा किलो मागितलं. त्याने हातातला सुरा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आधा किलो? बाजी, घर में कितने लोग हैं?"

साधा प्रश्न होता. पण मागे चार-पाच पुरुष उभे होते, आणि माझ्या कानात त्या नर्सचं बोलणं होतं.

"मेहमान आनेवाले हैं," मी म्हणाले. "पूरी रान दे दो."

त्याने अख्खी मांडी उतरवली. तेव्हापासून दर गुरुवारी मला पाहिलं की तो न विचारताच मांडी काढायचा आणि म्हणायचा, "मेहमान?" मी मान हलवायची. नंतर नंतर मला त्या शब्दाचा राग येऊ लागला. हा माणूस सहज विचारतोय की पडताळून बघतोय, हे कळत नसे. एकदा त्याने कापता कापता विचारलं, "मेहमान हर हफ्ते आते हैं?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. दुसरं दुकान शोधायला हवं होतं, पण त्याच्यासारखं मटण आसपास कुठे मिळत नव्हतं.

घरी आले की मांडीचे तीन वाटे व्हायचे. नळी आणि सांध्याची हाडं वेगळी. मऊ मांसाचे मोठे तुकडे वेगळे. कडेचं, चरबीचं, पडद्याचं मांस बोर्डावर बारीक चिरून खिमा. गोठलेलं मटण एकदा सुटं झालं की परत गोठवायचं नाही हे मला लॅबमुळे जास्तच ठाऊक, म्हणून जे काही करायचं ते शुक्रवारीच शिजवून ठेवायचं. सकाळी आलं-लसूण, हळद, मीठ चोळून सगळे तुकडे आणि हाडं एकाच पातेल्यात, वर ताटलीत पाणी. शिजलं की आळणी, म्हणजे मसाल्याआधीचं मटणाचं पाणी, बाजूला काढायची. त्यातल्या थोड्याचा पांढरा रस्सा, थोड्याचा तांबडा, उरलेली बर्फाच्या ट्रेमध्ये. पांढऱ्या रश्श्याला खसखस लागते आणि खसखशीला त्या देशात बंदी. आई दर वेळी सामानात पुडी बांधायची आणि मी घर सोडायच्या आधी ती काढून ठेवायची. तिकडे मी काजू आणि पांढरे तीळ वाटून भागवलं.

मग आठवडा सुरू व्हायचा. शनिवारी त्याच तुकड्यांना कांदा-लसूण चटणीत परतलं की सुकं. त्यातलं उरलेलं हाताने सोडवून, मिरपूड लावून, खबूसमध्ये, म्हणजे तिकडच्या रोटीत, गुंडाळून रविवारी डब्यात. सोमवारी मी मटण खात नसे, घरचा नेम होता. खिम्याचे गोळे तळून ठेवलेले असत, ते मंगळवारी रश्श्यात. नळ्या डाळीत टाकून उकळल्या की बुधवारची आमटी अशी व्हायची की भात कमी पडे. सगळं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवत असे. लवकर खायचं वर, उशिरा खायचं खाली. डब्यावर काही लिहायची गरज नव्हती, थर मला पाठ होते.

शुक्रवारी हे सगळं चालू असताना मी टेप लावायची. फोन महाग, म्हणून वडील घरून कॅसेटमध्ये बोलून पाठवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या तरी हातून ती यायची. गल्लीतल्या भानगडी, म्हशीचं दूध, भावाच्या पोराचे मार्क, मध्येच त्यांचं स्वतःच्याच विनोदावरचं हसणं. एकच कॅसेट मी पुन्हा पुन्हा ऐकायची.

समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहायचं. नवरा-बायको, दोन शाळकरी मुली. भाभी आणि मी मराठीत बोलायचो. मुली मात्र काहीही विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायच्या. नवरा जबल अलीला जहाजांना माल पुरवणाऱ्या कंपनीत होता. आलेल्या मालात काय कमी आहे, काय बदललंय, ते शोधून काढायचं त्याचं काम. घरीही तो तसाच होता. लिफ्टमधून बाहेर आला की आधी माझ्या दारातल्या चपलांकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे बघून सलाम करायचा.

दोघी नर्स होत्या तोवर भाभी आमच्याकडे सहज येई. मी एकटी राहिल्यावर तिचं येणं बदललं. सांदण, घावणे असं काही तरी घेऊन यायची, पण उंबऱ्यावर उभी राहून नजर माझ्या खांद्यावरून आत जायची. मी दार अर्धंच उघडायची. तिची ताटली मी रिकामी परत करत नसे, पण तिच्यात केळी नाहीतर बिस्किटं ठेवायची. माझं मटण ती खाईल की नाही, हे मला विचारवत नव्हतं. आणि विचारलं असतं तर किती शिजवते हेही कळलं असतं.

"सिस्टर, कुणी आलंय काय?" तिने एका शुक्रवारी विचारलं. "वास लई छान सुटलाय."

"येणार आहेत," मी म्हणाले.

त्या दिवशी दुपारभर तिच्या दाराच्या भिंगामागे कुणीतरी असल्यासारखं मला वाटत राहिलं. मी कचरा टाकायला बाहेर पडले की ते भिंग काळं व्हायचं. मी आत येऊन माझ्या भिंगातून बघितलं की पुन्हा उजळायचं. असं खरंच होत होतं की मी कल्पना करत होते, आज सांगता येणार नाही. मी हाडं कागदात गुंडाळून, वर भाजीची सालं टाकून पिशवी बांधायला लागले.

नातूर बांगलादेशातला, एरवी कुणाच्या अध्यात नसलेला. त्यानेही एकदा विचारलं, "मेडम, गेस्ट कब आता? हम देखता नहीं." मग एका सकाळी त्याने माझ्या कचऱ्याची पिशवी उचलून हातात तोलली, ते मी खिडकीतून पाहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ड्यूटीवरून आले आणि रात्रीच्या जेवणासाठी फ्रीझर उघडला. खिम्याचा डबा वर होता. तो खाली असायला हवा होता. नळ्यांचा डबा आडवा ठेवलेला. आळणीच्या ट्रेवर कुणाच्या तरी बोटाचा ओला ठसा परत गोठला होता. काहीही गेलेलं नव्हतं. गेलं असतं तर बरं वाटलं असतं, निदान भुकेला माणूस आला होता असं म्हणता आलं असतं. कपाट उघडलं तर कपडे जागच्या जागी होते, फक्त हँगर एका बाजूला ढकललेले.

मी घरातली एकेक जागा बघितली. खाटेखाली, पडद्यामागे, बाथरूममध्ये. मग दाराला खुर्ची लावून बसले. किल्ली माझ्याकडे एक, नातूरकडे एक. कुवेतला गेलेलीने तिची परत केली होती, पण तिने आणखी एक करून घेतली नव्हती हे कशावरून? भाभीने नातूरकडून किल्ली घेतली असेल का? तिच्या नवऱ्याने? ज्या ज्या माणसाने मला गेल्या महिन्यात काही विचारलं होतं तो तो माणूस माझ्या किचनमध्ये उभा दिसू लागला. तक्रार करायची तर कुणाकडे? आणि तक्रार केली की पहिला प्रश्न येणार, मॅडम, आपण एकट्याच राहता का?

मी गप्प राहिले. डबे पुन्हा लावले. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही आणि शुक्रवारचं बरंच मटण टाकून द्यावं लागलं.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात तिघे होते. बिल्डिंगचा अरब एजंट, नातूर आणि आमच्या क्लिनिकचा व्हिसा-लेबर कार्डांची कामं बघणारा माणूस, ज्याला आम्ही पीआरओ म्हणायचो. पीआरओला माझ्याच दारात उभं राहून अवघडल्यासारखं झालं होतं.

"सिस्टर, सॉरी," तो म्हणाला. "कम्प्लेंट है. बोलते हैं, इधर कोई आदमी रहता है."

तिथे असल्या गोष्टीचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं. लग्नाची नसलेली बाई आणि घरात पुरुष, म्हणजे पोलीस, तुरुंग आणि मग विमानात बसवून परत. खरं-खोटं नंतर.

"कोई नहीं रहता," मी म्हणाले. "देख लीजिए."

एजंटने बाथरूम पाहिलं. ब्रश एकच होता. कपाट पाहिलं. तीन खाटांपैकी दोहोंवर गाद्या गुंडाळलेल्या होत्या, त्याने त्या दाबून बघितल्या. मग तो बाहेर आला आणि बोटाने चपला दाखवल्या.

"या कुणाच्या?"

खरं सांगायचं तर मी एकटी आहे म्हणून ठेवल्यात असं सांगावं लागलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मी नुसती उभी राहिले आणि माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्याने लावला. तो किचनमध्ये गेला, सरळ फ्रिजकडे. त्याचं तिथे थेट जाणं पाहून माझ्या लक्षात आलं की आत काय आहे ते त्याला आधीच कुणी सांगितलंय. मी नातूरकडे पाहिलं. त्याने नजर वळवली. एसीवाला आला होता तेव्हा हम भी आया था, असं तो पुटपुटला.

एजंटने डबे काढून ओट्यावर मांडले. झाकणं उघडून पाहिली.

"एक बाई," तो पीआरओला म्हणाला, "आणि हे सगळं? हबीबी, माझ्या घरात सहा माणसं आहेत. आम्हाला एवढं लागत नाही."

मी डब्यांकडे बोट दाखवून सांगू लागले. हे शनिवारचं होतं, संपत आलंय. हे मंगळवारचं उरलेलं. हे आजचं, डाळीत घालायचं. मला स्वतःलाच ते पाठ केल्यासारखं ऐकू येत होतं. त्याने ऐकून घेतलं. मग त्याची नजर फळीवरच्या काचेच्या बरणीवर गेली. त्याने ती उघडून चिमूटभर तीळ तळहातावर घेतले, नाकाशी नेले.

"खशखाश?" त्याने विचारलं. त्यांच्या भाषेत खसखशीला तसंच म्हणतात.

"सिमसिम," मी म्हणाले. तिळाला अरबीत सिमसिम म्हणतात हे मला किराणा दुकानामुळे ठाऊक होतं.

त्याने दोन दाणे चावून पाहिले, मग बरणी ठेवली. तेवढ्याने तो थोडा सैल झाला, पण मी सुटले नव्हते. "मग चप्पल?" त्याने पुन्हा विचारलं.

समोरचं दार उघडं होतं हे मी तेव्हाच पाहिलं. भाभी डोक्यावरून ओढणी घेत बाहेर आली आणि आमच्या उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"वो चप्पल हमारे घर की है," ती म्हणाली. "मेरे आदमी की. बच्चियाँ खेलते खेलते इधर रख देती हैं."

एजंटने तिच्याकडे पाहिलं. "और ये गोश्त?"

"वो भी हमारा. हर जुम्मे को सिस्टर हमारे लिए पकाती है. मेरे को घुटने का दर्द है, खड़ा नहीं रहा जाता. बाकी इसका खुद का है, ये थोड़ा-थोड़ा खाती है."

तिचे गुडघे ठणठणीत होते, रोज जिन्याने खाली जायची. तिच्या मुली मागे उभ्या होत्या. एजंटने धाकटीला विचारलं, आंटी तुम्हाला मटण पाठवते का? मुलीने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "यस, इट्स स्पायसी." तिने माझ्या हातचं कधीच खाल्लेलं नव्हतं.

"खलास," एजंट म्हणाला. पीआरओ मला दोनदा सॉरी म्हणाला, आणि तिघे लिफ्टने गेले.

भाभी आत आली. पहिल्यांदाच मी दार पूर्ण उघडलं होतं. तिने ओट्यावरचे डबे बघितले, झाकणं लावायला मदत केली.

"तुमच्यापायी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "आता येत्या जुम्म्याला खरंच पाठवा. म्हणजे माझं खोटं राहणार नाय."

तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मी लगेच हो म्हटलं. चपला तिने जाताना उचलून आपल्या दारात नेऊन ठेवल्या, कारण आता त्या तिच्या नवऱ्याच्या झाल्या होत्या.

पण संशयाचं काय करायचं? शुक्रवारी मी तांबडा-पांढरा आणि सुकं तिच्याकडे नेऊन दिलं, तिने हसून घेतलं, मुली पाणी पीत पीत जेवल्या असं सांगितलं. आणि घरी परत आल्यावर मी विचार करत बसले की ही मला वाचवायला आली, म्हणजे एजंट येणार हे हिला ठाऊक होतं का? दार उघडं ठेवून उभी का होती? मटणाबद्दल कुणी काय सांगितलंय ते तिला इतकं बरोबर कसं कळलं? दर शुक्रवारी मी अर्धी मांडी तिकडे द्यायची आणि दर शुक्रवारी हे प्रश्न सोबत घेऊन परत यायची. माझा फ्रीझर हलका झाला होता. आठवड्याचं गणित सोपं झालं, सुकं आणि आमटी एवढंच उरायचं. पण मन हलकं झालं नव्हतं.

रमजानच्या आधी एकदा तिने मला पांढरा रस्सा शिकवायला सांगितलं. माझ्या किचनमध्ये आम्ही दोघी उभ्या होतो. ती नारळाचं दूध पिळत होती, मी काजू वाटत होते. मान वर न करताच ती म्हणाली,

"सिस्टर, ते माझ्याच तोंडून गेलं होतं."

"काय?"

"तुमच्याकडे पुरुष येतो म्हणून. मी नवऱ्याला बोलले. त्याने नातूरला सांगितलं, नातूरने एजंटला. एवढं वर जाईल असं मला वाटलं नव्हतं."

मी मिक्सर बंद केला. हेच मला इतके दिवस वाटत होतं, तरी ते ऐकल्यावर कुणीतरी छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखं झालं.

"चपलांमुळे?" मी विचारलं. "मटणामुळे?"

"ते तर होतंच. पण नुसत्या चपलांनी मी बोलले नसते. मला आवाज यायचा. दर जुम्म्याला, बाप्याचा आवाज. बोलायचा, हसायचा. आणि तुमी पण हसायच्या."

मला काही क्षण समजलंच नाही. मग मी हात पुसले, हॉलमधून टेप आणला, ओट्यावर ठेवला आणि बटण दाबलं. वडील म्हणाले की यंदा ऊस बरा आहे, आणि धाकट्याने सायकल विहिरीत पाडली होती ती काढायला अर्धी गल्ली जमली. मग ते हसले.

भाभीने नारळाचा हात तसाच हवेत धरला होता.

"हाच," ती म्हणाली. "कोण?"

"माझे वडील."

"हायत?"

"आहेत. कोल्हापूरला."

ती स्टुलावर बसली. "आणि मी म्हटलं..." एवढंच म्हणून ती थांबली. कॅसेट संपेपर्यंत तिने ऐकलं. शेवटी वडील विचारतात, बाळे, मटण खातेस का, की तिकडच्या कोंबड्यांवर दिवस काढतेस. ते ऐकून ती हसली आणि ओढणीने डोळे पुसले. त्या दिवशी रस्सा फाटला. दोघींचंही लक्ष नव्हतं.

मला तिचा राग आला का? आला. दोन शुक्रवार मी मटण पाठवलं नाही, तब्येतीचं निमित्त सांगितलं. तिसऱ्या शुक्रवारी तीच दोन वाट्या भरून कोळंबीचं कालवण घेऊन आली आणि आत येऊन बसली. राग किती दिवस धरायचा हा प्रश्न होता, आणि माझ्याकडे तिथे तिच्याशिवाय मराठीत बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मटण पुन्हा सुरू झालं.

तिच्या नवऱ्याशी मात्र माझं जमलं नाही. तो अजूनही जमिनीकडे बघूनच सलाम करायचा. आपण केलेल्या गोष्टीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मटण मात्र आवडीने खायचा, नळी त्याला लागायची, हे भाभीकडून कळायचं.

पुढच्या वर्षी त्याच्या छातीत जळजळ व्हायला लागली. भाभीने त्याला बळेच आमच्या क्लिनिकमध्ये पाठवलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, आणि उपाशीपोटी तो माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसला. मी ट्यूबवर त्याचं नाव लिहिलं. त्याने ट्यूब हातात घेऊन नाव वाचलं, स्पेलिंग तपासलं, आणि परत दिली.

"ही दुसऱ्या कुणाच्या ट्यूबांमध्ये मिसळणार नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"तुम्हीच करणार टेस्ट?"

"मीच."

बाही खाली करताना त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. कदाचित पहिल्यांदाच.

कोलेस्टेरॉल खूप वाढलेलं निघालं. मी टेस्ट दोनदा करून पाहिली, कारण मला माहीत होतं तो काय म्हणणार. डॉक्टरांनी मटण बंद केलं, नळी तर कायमची. संध्याकाळी भाभी आली आणि दाराशीच थांबली.

"राग मानू नका," ती म्हणाली. "तो म्हणतोय, सिस्टरला आता मटण द्यायचं नसेल, म्हणून तिने रिपोर्ट वाढवून दिला."

मला हसू आलं आणि नंतर हसू थांबेना. तीही हसायला लागली, तोंडावर हात धरून, कारण तो घरात होता.

त्याने शारजातल्या दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन परत रक्त दिलं. आकडे तसेच आले, किंबहुना थोडे जास्तच. त्यानंतर एका संध्याकाळी लिफ्टपाशी तो थांबला. चेहरा अजूनही जमिनीकडेच.

"रिपोर्ट बरोबर होता तुमचा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "ते आधीचं पण आमचंच चुकलं होतं."

मी म्हटलं, "पथ्य सांभाळा."

"आळणी चालेल काय? नुसती?"

"वरची चरबी काढून. थोडी."

त्याने मान हलवली आणि आत गेला. त्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवला की नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही.

त्या घरात मटण बंद झालं. वास नको म्हणून भाभीने कांदा भाजायचंही सोडलं. मांडी मी अजूनही अख्खीच आणायची, आणि पुन्हा डबे भरू लागले. मग ती शुक्रवारी दुपारी तो नमाजला गेला की माझ्याकडे यायला लागली. मुली टीव्हीसमोर असायच्या. ती माझ्या ओट्यापाशी उभ्यानेच जेवायची, भाकरी मोडून रश्श्यात बुडवून, घाईघाईने.

"बसा की," मी म्हणायची.

"नको. तो परत आला की विचारतो कुठे होतीस. गेल्या जुम्म्याला तर हाताचा वास घेतला माझ्या."

"मग काय सांगितलं?"

"काय सांगणार? साबणाने जात नाय हो हा वास."

पुढच्या शुक्रवारपासून मी सिंकजवळ लिंबाची फोड कापून ठेवायला लागले.